लक्ष ठेवावे, नाव ठेवू नये

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या मनाची तपासणी शाळेतच का करू नये, असा प्रश्न अधूनमधून निघतो. तपासणी कशाची, तर सायकोसिसची. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘वेड’ म्हणून मोकळे होतात, तोच हा आजार. माणसाला नसलेले आवाज ऐकू येऊ लागतात, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी खात्री वाटू लागते, विचारांची संगती सुटते. बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात हा आजार डोके वर काढतो आणि पुष्कळदा त्याच्या आधी काही महिने, कधी वर्षे, बारीकसारीक खुणा दिसत असतात. मुलगा खोलीबाहेर येईनासा होतो, झोपेचे दिवसरात्र उलटे होते, अभ्यास घसरतो, मित्र तुटतात, बोलण्यात संशय येतो. खुणा जर आधी दिसतात, तर सगळ्याच मुलांना एकदा चाळणीतून काढावे आणि खुणा सापडतील त्यांना वेळीच सावरावे, असे कोणालाही वाटेल. हे वाटणे चांगल्या मनाचे आहे. पण ते योग्य आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे. आमची उमेदीची वर्षे रुग्णालयांच्या वॉर्डांत गेली, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

चाळणी लावणे ही गोष्ट मुळात वाईट नव्हे. ब्रिटनमध्ये १९६९ सालापासून नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन फिनाइलकीटोन्यूरिया या आजाराची तपासणी होते. आजार सापडला तर बाळाचा आहार बदलतात आणि मेंदूची हानी टळते. एक सुई, स्वच्छ उत्तर आणि हाताशी उपाय. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६८ साली, विल्सन व युंगनर या दोघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक पुस्तिका लिहिली आणि तपासणी कोणत्या आजारासाठी करावी याची दहा तत्त्वे घालून दिली. त्यांचा मथितार्थ असा की आजार गंभीर असावा, त्याची पहिली पायरी ओळखता यावी, चाचणी भरवशाची आणि लोकांना मानवणारी असावी, आणि जो सापडेल त्याला देण्यासारखा उपचार असावा. ही तत्त्वे आपल्या प्रश्नाला लावून पाहू.

आजार गंभीर आहे, यात शंका नाही. तो उघड झाल्यावर उपचारांविना जितका काळ जातो तितके बरे होणे अवघड होते, हेही अनेक देशांत दिसून आले आहे. अडचण येते ती चाचणीपाशी. समजुतीसाठी एक हिशेब करू. आकडे आमचे, केवळ उदाहरणापुरते. १,००० मुले घ्या. पुढील काही वर्षांत त्यांतील १० जणांना हा आजार होणार आहे असे धरा. चाचणीही चांगली धरा. होणाऱ्या १० पैकी ८ जणांना ती पकडते आणि न होणाऱ्या १०० पैकी ९० जणांना बरोबर सोडून देते. आता न होणारी मुले आहेत ९९०. त्यांतील दहा टक्के, म्हणजे ९९ मुले, विनाकारण चाळणीत अडकतील. ८ खरी आणि ९९ खोटी. शाळेतून १०७ घरी पत्रे जातील आणि १०७ आयांची झोप उडेल; त्यांतील ९९ आयांची विनाकारण. शिवाय ज्या दोघांना आजार होणार आहे, ती मुले ‘काही नाही’ असा दाखला घेऊन निश्चिंतपणे घरी जातील.

प्रत्यक्षातही असेच दिसते. २०१२ साली अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून मांडल्या गेल्या, तेव्हा ९ ते १२ वयाच्या मुलांत सुमारे १७ टक्के, आणि १३ ते १८ वयात सुमारे साडेसात टक्के मुलांनी इतरांना न ऐकू येणारे काही ऐकल्याचे किंवा तत्सम अनुभव सांगितले होते. बहुतेकांचे हे अनुभव वयाबरोबर मागे पडतात. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा मागोवा आजवर घेतला जात आहे. ११ व्या वर्षी त्यांना असे प्रश्न विचारले होते. ज्यांची उत्तरे अगदी ठळक होती, त्यांतील सुमारे एक चतुर्थांश मुलांना २६ व्या वर्षापर्यंत स्किझोफ्रेनियाच्या जातीचा विकार जडलेला आढळला. म्हणजे प्रश्न पोकळ नव्हता. पण उरलेल्या तीन चतुर्थांश मुलांना तो विकार जडला नव्हता, हेही तितकेच खरे.

शिवाय प्रश्न कोणत्या घरात विचारला जातो, यावर उत्तराचा अर्थ ठरतो. ‘कोणी नसताना तुला हाक ऐकू आली आहे का?’ असे आपल्या मुलाला विचारले, तर तो काय सांगेल? कोकणातली जुनी माणसे सांगत की रात्री बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. आजी देवाघरी गेल्यावर घरात तिचा आवाज आल्यासारखा वाटणे हे आपल्या घरांत कोणाला आश्चर्याचे वाटत नाही. कागदावर मात्र त्या उत्तरापुढे एक खूण होईल.

बाहेरच्या खुणेवरून आतले मन वाचण्यात शहाणी माणसेही चुकतात. रोश हशानाच्या दिवशी आपण हन्नाची कथा ऐकतो. शिलो येथे ती मनातल्या मनात प्रार्थना करीत होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. एली याजकाने ते पाहिले आणि बाई दारू प्यायलेली आहे असे ठरवून तिला बोल लावला. एली दुष्ट नव्हता. त्याने खूण बरोबर पाहिली होती, अर्थ चुकीचा लावला. हन्नाने आपले दुःख सांगितले आणि त्याने ते ऐकून घेतले, तेव्हा कुठे त्याला खरे कळले.

आता नाव पडण्याचा प्रश्न. आपला समाज मूठभर, आणि या देशात तर मुठीतल्याही काही दाण्यांएवढा. लग्नमुंज नव्हे, पण लग्न आणि मलिदा या निमित्ताने सगळी घरे एकमेकांना भेटतात. अशा ठिकाणी ‘त्यांच्या मुलाला काहीतरी आहे म्हणे’ हे वाक्य एकदा सुटले की ते परत घेता येत नाही. त्याचे आणि त्याच्या बहिणीचेही स्थळ अडते. आमचा हा रोष कोणा एका घरावर नाही. लहान समाजाची रीतच ही. आपल्या धर्मबांधवांतील एका संस्थेने हे नेमके ओळखले होते. टे-सॅक्स या आजाराने स्वतःची चार मुले गमावलेल्या रब्बी योसेफ एकस्टाइन यांनी १९८३ साली न्यूयॉर्कमध्ये दोर येशोरिम ही संस्था काढली. तेथे तरुण-तरुणींचे रक्त तपासतात, पण कोणालाही त्याच्या दोषाचे नाव सांगत नाहीत. प्रत्येकाला फक्त एक क्रमांक मिळतो, आणि स्थळ जुळवताना दोन क्रमांक एकमेकांस योग्य आहेत की नाहीत एवढेच कळवतात. पद्धत कोणाला पटो न पटो, पण आजाराइतकेच आजाराचे नावही माणसाचे नुकसान करू शकते, हे तिच्या मुळाशी आहे. आणि तेथे निदान रक्ताची चाचणी खात्रीची आहे. मनाच्या बाबतीत तशी खात्री नाही.

परदेशी आलेल्या कुटुंबांना आणखी एक विचार करावा लागतो. १९९७ ते १९९९ या काळात लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल येथे मोठी पाहणी झाली. तीत आफ्रो-कॅरिबियन लोकांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे नऊपट आढळले. इतर स्थलांतरित गटांतही ते काहीसे वाढलेले होते. कॅरिबियन बेटांवर मात्र हे प्रमाण असे वाढलेले नाही. म्हणजे दोष रक्ताचा नसून परक्या जागी वाढण्याच्या ओझ्याचा असावा, असे पुष्कळ तज्ज्ञांना वाटते. मग स्थलांतरितांची मुले आधी तपासावीत काय? असे केले तर कातडीच्या रंगामुळे ज्यांच्याकडे आधीच वळून पाहिले जाते, त्यांच्यावर आणखी एक शिक्का बसेल, आणि ओझे हलके होण्याऐवजी वाढेल.

यावर कोणी म्हणेल, ‘तुम्ही ९९ जणांच्या मनस्तापाची काळजी करता, त्या आठ जणांचे काय? जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडण्याचीही आज्ञा आपल्या धर्मात आहे. तेथे लोक काय म्हणतील हे कोण पाहतो?’ हा आक्षेप साधा नाही. ज्या आईच्या मुलाचा हात वेळीच धरला गेला नाही, ती हेच विचारील आणि तिच्यापुढे हिशेबाचा कागद धरणे निर्दयपणाचे होईल. वॉर्डात आम्ही अशा आया पाहिल्या आहेत. वर्षभरापूर्वीचा एकेक दिवस त्या आठवून सांगत. त्या दिवशी तो जेवला नव्हता, त्या दिवशी त्याने आरशावर चादर टाकली होती.

त्या आठ जणांना आम्ही विसरलेलो नाही. त्यांच्यासाठीच विचारले पाहिजे की चाळणीत सापडलेल्याला त्या पायरीवर द्यायचे तरी काय? ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे १९९४ साली डॉ. पॅट्रिक मॅकगॉरी व डॉ. ॲलिसन यंग यांनी अशा ‘उंबरठ्यावरच्या’ तरुणांसाठी क्लिनिक काढले. दक्षिण लंडनमध्ये २००१ साली ओॲसिस ही तशीच सेवा सुरू झाली. अशा क्लिनिकांत येणारे तरुण आधीच त्रासलेले असतात, स्वतः किंवा कोणाच्या तरी सांगण्यावरून आलेले असतात आणि त्यांची परीक्षा तज्ज्ञ करतात. तरीही त्यांतील सुमारे चौघांपैकी एकालाच तीन वर्षांत सायकोसिस होतो. २०१३ साली अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या विकारांच्या सूचीची नवी आवृत्ती काढली. तेव्हा या उंबरठ्यावरच्या अवस्थेला आजार म्हणावे की नाही यावर मोठा वाद झाला आणि शेवटी तिला ‘अधिक अभ्यास हवा’ अशा भागात ठेवण्यात आले. त्याच वर्षी ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मुलांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात म्हटले आहे की केवळ धोका टाळण्यासाठी अशा मुलांना सायकोसिसची औषधे देऊ नयेत. बोलण्यातून केले जाणारे उपचार द्यावेत, कुटुंबाला सोबत घ्यावे आणि चिंता, उदासी यांवर इलाज करावा.

हे वाचल्यावर आम्हांला गाठ सुटल्यासारखी वाटते. त्या पायरीवर जी मदत त्या आठ जणांना हवी, तीच मदत ९९ पैकी जे खरोखर त्रासात आहेत त्यांनाही उपयोगी पडते. कोणीतरी शांतपणे ऐकून घेणे, झोप सावरणे, शाळेतला छळ थांबवणे, घरातली भांडणे कमी करणे, गांजापासून दूर ठेवणे, ही ती मदत. यासाठी आजाराचे नाव लागत नाही. मुलाला त्रास होतो आहे एवढे पुरते. तेव्हा मदत आधी द्यावी आणि नाव मागे ठेवावे. यात त्या आठांचा हात सुटत नाही आणि ९९ जणांच्या कपाळी शिक्काही बसत नाही. गांजाचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. २०१९ साली युरोपातील मोठ्या पाहणीत रोज कडक गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट दिसला. इथल्या रस्त्यांवर मिळणारा ‘स्कंक’ हा त्याच जातीचा, हे पालकांनी जाणून असावे.

मग खुणा कोणी पाहायच्या? याचे एक उत्तर ब्रिटनमध्येच १९८४ ते १९८८ या काळात बकिंगहॅम परिसरात मिळाले. डॉ. इयन फॅलून यांनी तेथील कुटुंबडॉक्टरांना सुरुवातीच्या खुणा ओळखायला शिकवले. डॉक्टरला शंका आली की मानसिक आरोग्याचे कर्मचारी लगेच भेटत, घरच्यांना समजावून सांगत, मनावरचा ताण हलका करायला शिकवत आणि लागलेच तर थोडे औषध देववीत. त्या काळात तेथे स्किझोफ्रेनियाच्या नव्या रुग्णांचे प्रमाण आधीच्या सुमारे एक दशांश झाल्याचे त्यांनी नोंदवले. प्रयोग लहान होता, त्यावर टीकाही झाली, म्हणून त्याचा फार मोठा डंका पिटू नये. पण तेथे मुलाला ओळखणारा माणूस मुलाकडे पाहत होता.

दुसरे उत्तर नॉर्वेचे. तेथील रोगालँड प्रांतात १९९७ ते २००० या काळात वर्तमानपत्रांतून, शाळांतून, दवाखान्यांतून सर्वांना या आजाराच्या खुणा सांगितल्या आणि कोणीही फोन करावा अशी पथके ठेवली. मुलांना एकेक करून तपासले नाही. शहाणे केले ते भोवतालच्या माणसांना. पूर्वी उपचारांविना जाणारा काळ मध्यमानाने २६ आठवडे होता, तो ५ आठवड्यांवर आला. दहा वर्षांनंतर पाहिले तेव्हा या भागातील सुमारे ३१ टक्के रुग्ण पूर्ण सावरलेले होते. जेथे असा प्रयत्न झाला नव्हता तेथे सुमारे १५ टक्के. मोहीम बंद पडल्यावर मात्र तो काळ पुन्हा वाढला. माणसे विसरतात, सांगत राहावे लागते.

आता जो दोष आपला आहे तोही सांगितला पाहिजे. शिक्का नको, म्हणून गप्प बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आपल्या घरांत दोन गोष्टी होतात. प्रथम ‘वयच तसे आहे, लग्न झाले की ठीक होईल’ असे म्हणायचे. मग एलियाहू हन्नाबीला मलिदा मानायचा, आणि डॉक्टरची पाळी सर्वांत शेवटी. नवस बोलणाऱ्याला आम्ही हसत नाही. आम्हीही बोललो आहोत. मलिदा जरूर करावा, पण त्याच आठवड्यात जी.पी.ची वेळही घ्यावी. २००४ साली सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’ हा मराठी चित्रपट केला. कोकणातला शेष आणि त्याची बहीण यांची ती कथा पुष्कळांनी पाहिली असेल. त्यामागे पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे पाठबळ होते आणि ती संस्था काढणारे डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडात स्थायिक झालेले आपल्यासारखेच मराठी गृहस्थ. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांनी तो लपवला नाही आणि शेकडो घरांना बोलण्याची वाट करून दिली.

थांबणे आणि दुर्लक्ष करणे यांत फरक आहे. तोराच्या लेवीय पुस्तकात तेराव्या अध्यायात कातडीवरच्या डागाची कलमे आहेत. डाग दिसला की कोहेनने पाहावे. स्पष्ट नसेल तर सात दिवस थांबून पुन्हा पाहावे, गरज पडल्यास आणखी सात दिवस, आणि मगच बोलावे. त्यात घाई नाही आणि हयगयही नाही. ‘अशुद्ध’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही. तो ज्याचे काम आहे त्यालाच आहे. पण डाग ठळक झाल्यावर मात्र तो शब्द उच्चारायचाच असतो. आपल्या प्रश्नातही तसेच आहे. आवाज मुलाला हुकूम देऊ लागले, त्याने खाणे-झोपणे सोडले, घरातल्यांनी विष घातले असे तो म्हणू लागला, तर मग नाव टाळणे ही दया नव्हे. तेव्हा नावाशिवाय उपचार मिळत नाही. इंग्लंडमध्ये अशा रुग्णांसाठी तत्पर उपचार करणारी खास पथके आहेत. त्यांचा पाया २००० सालच्या एनएचएस योजनेने घातला, आणि २०१६ साली निदान निम्म्या रुग्णांना दोन आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत असा दंडक घालण्यात आला. जी.पी.कडून किंवा शाळेमार्फत तेथे पोचता येते. जीवाला धोका वाटला तर ९९९ आहेच.

एक शेवटचा मुद्दा, जो आपल्या पिढीला जड जातो. मुलाच्या मनातले मुलाचेच असते. इथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, तेव्हाच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, १९८५ साली गिलिक खटल्यात निकाल दिला की समज असलेले सोळा वर्षांखालील मूलही आपल्या उपचारांना स्वतः संमती देऊ शकते. म्हणून डॉक्टर कधी मुलाचे बोलणे आपल्याला सांगत नाहीत आणि आपल्याला राग येतो. पण मुलाने घराबाहेर तोंड उघडले याचाच आनंद मानावा. आपल्यापाशी ते उघडावे असे वाटत असेल, तर त्याच्या खोलीची झडती घेऊन किंवा मावशीला फोनवर सांगून ते होणार नाही. ‘हल्ली तुला झोप लागत नाही असे दिसते, काय होते आहे?’ एवढे विचारावे आणि गप्प बसून उत्तर ऐकावे. उत्तर विचित्र वाटले तरी हसू नये, वाद घालू नये, घाबरून ओरडू नये.

हन्नाला बोल लावणारा एलीच पुढे म्हातारपणी तिच्या मुलाचा सांभाळ करीत होता. रात्री बाल शमुवेलाला हाक ऐकू आली आणि तो धावत एलीकडे गेला. त्याला हाक परमेश्वराची होती. तिची गणना आजारात करण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही पाहतो ते एलीच्या वागण्याकडे. मुलाने तीनदा झोपमोड केली, तीनदा नसत्या हाकेचे सांगितले. एलीने त्याला खोटा ठरवले नाही की वेडाही म्हटले नाही. दोनदा त्याला शांतपणे परत निजायला पाठवले आणि तिसऱ्यांदा हे काही निराळे आहे हे ओळखून पुढे काय करावे ते सांगितले. शमुवेल अंधारात पुन्हापुन्हा त्याच्याकडे जाऊ शकला, कारण तेथे आपले ऐकून घेतले जाईल असे त्याला वाटत होते. आपल्या मुलांना आपल्याविषयी तसे वाटावे, एवढे तरी आपल्या हाती आहे. परमेश्वर आपल्या सर्वांच्या मुलाबाळांना निरोगी ठेवो. शालोम.